तीन रविवारांची साक्ष

साक्ष द्यायची ती खुनाची, चोरीची, फार तर बांधाच्या भांडणाची, एवढंच शालनला ठाऊक होतं. पोटात वाढवलेल्या लेकीबद्दल चौतीस वर्षांनी आपल्याला साक्ष द्यावी लागेल, असं पूर्वी कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. पण आता दिवसच तसे आले होते. तासगावातल्या निम्म्याअधिक आया मिरजेला जाऊन साक्ष देऊन आल्या होत्या. बेदाण्याच्या शेडमध्ये बायका निवडायला बसल्या की एकमेकींना विचारायच्या, "तुझं काय निघालं गं?" कुणाचा दुष्काळ निघायचा, कुणाचा टायफॉइड, कुणाच्या नवऱ्याचा मार. बायका स्वतः जे विसरून गेल्या होत्या ते त्यांच्या लेकींच्या पोटात लिहिलेलं सापडत होतं. शालन खाली मान घालून बेदाण्यातल्या काड्या वेचत राहायची. आपलं काय निघेल हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ती वेळ आपल्यावर न येवो म्हणून तिचं देवाला नवस सोडून बाकी सगळं बोलून झालं होतं.

मग एका सकाळी समृद्धीचा फोन आला. "मम्मी, बुधवारी मिरजेला ये. डॉक्टरांना तुझी साक्ष पाहिजे."

समृद्धी ही तिची धाकटी. सांगलीला पाटबंधारे खात्यात नोकरीला, नवरा हर्षद कॉलेजात शिकवणारा, लग्नाला नऊ वर्षं झालेली. तीनदा तिच्या पोटात गर्भ ठेवला होता आणि तिन्ही वेळा महिन्याच्या आत तो गेला होता. थोरल्या पल्लवीला पुण्यात दोन मुलं होती, तीही काही न करता. घर तेच, आईबाप तेच. मग हिलाच का, हा प्रश्न समृद्धी गेली सहा वर्षं विचारत होती आणि शालन दर वेळी म्हणत होती, "नशीब एकेकाचं."

डॉ. रुबिना मुजावर पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी शालनला खुर्चीवर बसवलं, समृद्धी मागे उभी राहिली. समोरच्या भिंतीवर चाळीस घरांची लांबलचक पट्टी उमटली.

"मावशी, ही समृद्धी तुमच्या पोटात असतानाचे चाळीस आठवडे," डॉक्टर म्हणाल्या. "घाबरू नका, इथं कुणाला शिक्षा होत नाही. नुसतं ऐका. पुरुषाचं बीज रोज नवं तयार होतं. बाईचं तसं नसतं. ती आईच्या पोटात असते तेव्हाच तिची आयुष्यभराची बीजं तयार होऊन बसतात, पुढं एकाचीही भर पडत नाही. म्हणजे समृद्धी तुमच्या पोटात होती आणि तिला पुढं जी मुलं व्हायची, त्यांचं मूळही तिथंच होतं. तेव्हा तुम्ही जे खाल्लं-प्यालं, ते तिघांनी खाल्लं."

तिघांनी.

डॉक्टरांचं चालूच होतं. प्रत्येक पेशीत पोथी तीच असते, पण कुठलं पान वाचायचं आणि कुठलं झाकायचं याच्या खुणा त्या पोथीवर असतात. गर्भ द्राक्षाच्या मण्याएवढा असतो, त्या सुमाराच्या दिवसांत बीजपेशींवरच्या जुन्या खुणा पुसल्या जातात आणि नव्या लिहायला घेतल्या जातात. तेवढे थोडे आठवडे पाटी कोरी असते. तेव्हा आईच्या रक्तातून नको ते गेलं तर त्या पाटीवर ओरखडा उठतो आणि तो जन्मभर राहतो. बाईला स्वतःला काही त्रास होत नाही. ती वाढते, शिकते, लग्न करते. तिचं बीज मात्र लवकर संपतं, आणि जे उरतं ते रुजत नाही. मिरजेतलं हे नवं यंत्र त्या बीजांवरच्या खुणा वाचून कुठल्या आठवड्यात काय बिघडलं ते सांगत असे. तासगावच्या बायकांनी त्याचं नाव चित्रगुप्त ठेवलं होतं.

पट्टीवर तीन काळ्या रेघा होत्या. सातव्या घरात एक, आठव्यात एक, नवव्यात एक.

"मधलं अंतर बरोबर सात दिवसांचं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ताप काही वार बघून येत नाही. दर आठवड्याला ठरल्या दिवशी काहीतरी तुमच्या अंगात गेलंय. यंत्राला दोघांचा संशय आहे. एक तर बागेतलं बुरशीचं औषध, नाही तर हार्मोनची गोळी. दोन्हींच्या खुणा जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. चोर कधी आला ते यंत्र सांगतं. कोण होता ते घरच्या माणसालाच विचारावं लागतं."

"आणि कळलं तर?" समृद्धीनं मागून विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं, ती आईला ऐकवत होती.

"तर ओरखडा पुसता येतो. अंडाशयाचा काप बाहेर काढायचा, औषधी पाण्यात ठेवायचा, परत शिवायचा. दोन ओरखड्यांची दोन वेगळी पाणी. बरोबर निवडलं तर दहा-बारा बीजं सावरतील. चुकलं तर उरलेली सगळी जळतील. समृद्धीची साठ-सत्तरच उरलीत. दुसरी संधी नाही." मग त्या शालनकडे वळल्या. "तुमची द्राक्षाची बाग होती ना मावशी? आठवड्याला फवारणी व्हायची?"

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. शालननं ती काडी घट्ट धरली. "व्हय. दर आठवड्याला व्हायची."

"तुम्ही बागेत जात होता? दिवस गेल्यावरही?"

"जायची की. पाइप धरायची."

समृद्धीचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिनं काढून घेतला. "पप्पांनी तुला तशा अवस्थेत पाइप धरायला लावला?"

शालननं नाही म्हटलं नाही, ते होयच झालं. डॉक्टरांनी साक्ष नोंदवली आणि पुढच्या महिन्याची नऊ तारीख दिली.

खरं काय घडलं होतं ते सांगायला फार वेळ लागत नाही.

पल्लवी तीन वर्षांची होती. शालनला दुसऱ्यांदा दिवस गेले तसे तिच्या सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणायची, डोंगराकडच्या कुठल्याशा गावाला जाऊन आल्या. येताना कमरेच्या पिशवीतून तीन पुड्या आणल्या. सोनोग्राफीवाल्यांवर सरकारनं धाक बसवल्यापासून त्या पुड्यांचा बोलबाला होता. दुसऱ्या महिन्यात, ओळीनं तीन रविवार, उजाडायच्या आत, खाली गोऱ्हा असलेल्या गाईच्या दुधातून, उगवतीकडे तोंड करून एका घोटात घ्यायची. मुलगाच होतो. आणि कुणाला सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. सांगितलं तर गुण जातो.

शालन बारावी सायन्स झालेली होती. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, हे तिनं परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. तरीही ती प्याली. कुणी तिचे हात धरले नव्हते, कुणी माहेरी हाकलायची धमकी दिली नव्हती. आत्याबाई म्हणाल्या, "घे," आणि तिनं घेतलं, कारण तिलाही मुलगाच हवा होता. पुडीतल्या हिरवट चूर्णात पांढरी भुकटी मिसळलेली होती, दुकानातली गोळी कुटून घालावी तशी. ती तिला दिसली होती. तिनं विचारलं नाही.

मुलगी झाली. आत्याबाईंनी बाळाचं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "कुणापाशी तरी बोलली असशील."

ती कुणापाशीही बोलली नव्हती. आत्याबाईंना जाऊन आठ वर्षं झाली तरी बोलली नव्हती. संपतरावांना, तिच्या नवऱ्याला, आजतागायत यातलं अक्षर माहीत नव्हतं.

मिरजेला साक्ष झाली त्याच संध्याकाळी समृद्धीनं बापाला फोन केला. शालन त्यांच्या शेजारीच होती. संपतराव "अगं", "बाळा", "ऐक तर" एवढंच म्हणत राहिले. फोन ठेवून ते बराच वेळ ओट्यावर बसले. आता सगळी फवारणी ड्रोन करायचे आणि माणसं बागेत पाऊलही टाकायची नाहीत, पण त्या काळी पाठीवर पंप आणि हातात पाइप असायचा, हे खरंच होतं.

"मी तुला पाइप धरायला लावला व्हता?" त्यांनी विचारलं.

"जुनी गोष्ट हाय. सोडा आता," शालन म्हणाली. त्या क्षणी नाही म्हणाली असती तरी पुष्कळ वाचलं असतं.

दोन दिवसांनी ते सांगलीला जाऊन आले. समृद्धीनं दार उघडलं, पाणी दिलं, आणि आतल्या खोलीत जाऊन बसली ती ते निघेपर्यंत बाहेर आली नाही. परत आल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता ते म्हणाले, "शालन, मला आठवलं बघ. तू हिरवी साडी नेसली व्हतीस. गडी आला नव्हता. मीच म्हटलं, धर जरा पाइप, तेवढ्यानं काय हुतंय. तू नाकाला पदर लावला व्हतास आन् मी हसलो."

शालननं हातातला कप खाली ठेवला. तशी साडी नव्हती. तसा दिवसच नव्हता. पल्लवीच्या वेळी झालेल्या हालांमुळे दुसऱ्या खेपेला संपतरावांनी तिला बागेच्या बांधावरसुद्धा येऊ दिलं नव्हतं. तिनं रचलेलं खोटं आता त्यांना आठवू लागलं होतं, पदरासकट, हसण्यासकट. तिला स्वतःच्याच नवऱ्याची भीती वाटली. भीती कसली, आपण काय करून बसलो याची ती शिसारी होती.

त्यानंतर तिला कुठं जीव लागेना. शेडमध्ये बायका गप्पा मारत आणि हिला सारखं वाटे की पदराशी कुणीतरी उभं आहे. वळून पाहिलं की कुणी नसे. लेकीचे तीन गर्भ गेले होते आणि आपण तीन रविवार प्यालो होतो, हा हिशेब कुणी मांडायला सांगितला नव्हता, पण तिचं मन तो मांडत बसे. पहिल्या रविवारचा हा, दुसऱ्याचा तो. तिनं त्यांचे चेहरे कधी पाहिले नव्हते. तरी ते तिला ओळखीचे वाटत, नाकडोळे समृद्धीचे आणि तक्रार काहीच नाही, नुसते उभे. एकदा तर तिच्या तोंडून निघून गेलं, "बसा की रं." शेजारची बाई म्हणाली, "कुणाला गं?" शालन म्हणाली, "माशांना."

तारीख जवळ आली. संपतरावांनी बाग काढून टाकायचं ठरवलं आणि वेली उपटणाऱ्या यंत्रवाल्याला सांगावाही धाडला. चाळीस वर्षांची बाग. तेव्हा कुठं शालननं डॉक्टरांना फोन लावला.

"साक्ष बदलायची हाय," ती म्हणाली. "फवारणी न्हवती. गोळी व्हती, पुडीतनं घेतलेली. पण लेकीला कळू देऊ नका."

डॉ. मुजावर म्हणाल्या, "मावशी, तसं होत नाही. काप तिच्या शरीराचा आहे. कुठलं पाणी आणि का, हे वाचून तिला सही करावी लागते. तुम्हाला तिच्यासमोरच बोलावं लागेल. आणि उद्याच."

दुसऱ्या दिवशी आठ तारीख होती. शालननं संपतरावांना बरोबर घेतलं. वाटेत काही सांगितलं नाही. मिरजेच्या त्या खोलीत पट्टी पुन्हा भिंतीवर लावलेली होती, तीन रेघांसकट. समृद्धीनं बापाकडे पाहिलं नाही.

शालन उभी राहूनच बोलली. पुड्या, दूध, रविवार, आत्याबाई. पांढरी भुकटी दिसली होती तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "आत्याबाईंवर ढकलून मोकळी हुईन, पण त्यांनी नुसतं पुढं केलं. प्याले मीच. मलाच पाहिजे व्हता मुलगा."

संपतराव हळूच म्हणाले, "म्हणजे मी पाइप धरायला सांगितला न्हवता?"

"न्हाई वो. तुम्ही मला बांधावरसुदिक येऊ दिलं न्हवतं."

"मला आठवतंय की पण. साडी आठवतीया." आणि तो सहासष्ट वर्षांचा माणूस तोंडावर टॉवेल धरून रडायला लागला. समृद्धी उठून त्यांच्यापाशी गेली, त्यांचं डोकं तिनं पोटाशी धरलं. तिथून ती आईकडे बघत राहिली.

"सतरा दिवस," ती म्हणाली. "उद्या मला चुकीच्या पाण्यात घातलं असतं, मम्मी. तू सतरा दिवस गप्प बसलीस."

"लाज वाटत व्हती."

"माझी पोरं जळाली असती."

"व्हय."

"मी नको होते ना तुला?"

हा प्रश्न शालननं चौतीस वर्षं स्वतःला विचारला होता आणि त्याची चांगली-चुंगली उत्तरं तयार ठेवली होती. ती सगळी तिनं बाजूला सारली. "तू कोण ते मला ठाऊक न्हवतं गं," ती म्हणाली. "मुलगी नको व्हती. तू नको व्हतीस असं न्हाई."

"एकच की ते."

"एकच," शालन म्हणाली. "पण तुला मांडीवर घेतलं आन् त्या दिवसापासनं मी देवाचं आभार मानत आलीया, की त्या पुडीला गुण आला न्हाई. खोटं वाटंल तुला. वाटू दे."

डॉक्टरांनी कागद पुढं केला, समृद्धीनं तो अथपासून इतिपर्यंत वाचला, आणि सही केली. जाताना बापाचा हात धरून जिना उतरली. शालन मागून एकटी उतरली.

पाणी बरोबर निवडलं गेलं. अकरा बीजं सावरली. त्यातलं एक पाच महिन्यांनी रुजलं आणि टिकलं.

ही बातमी शालनला संपतरावांकडून कळली. समृद्धी तिच्याशी बोलत होती, पण सरकारी पत्रासारखं, कामापुरतं. मग एक दिवस तिचा स्वतःहून फोन आला. आता डॉक्टर गरोदर बायकांकडून यादी मागत; सातव्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत जेवणाला, पाण्याला, औषधाला कुणाकुणाचा हात लागेल त्यांची नावं. घरोघर या याद्यांवरून रुसवे-फुगवे चालले होते. कुठल्या सासूचं नाव नाही, कुठल्या जावेचं आहे, अशा बातम्या बारशाच्या आधीच गावभर व्हायच्या.

"हर्षदचं नाव घातलंय," समृद्धी म्हणाली. "ताईचं घातलंय. पप्पांचंपण, त्यांना चहाच येतो तरी. तुझं घातलं नाही मी."

"बरोबर केलंस," शालन म्हणाली.

फोन लगेच बंद झाला नाही. "हर्षदला परीक्षांच्या कामाला कोल्हापूरला जावं लागतंय पंधरा दिवस. पप्पा येतायत. तूपण ये. पण काही आणू नकोस. खरंच काही नको."

पोटुशा लेकीकडे आई रिकाम्या हातानं जात नाही. खारकेची पूड, लाडू, निदान घरचे बेदाणे तरी. शालननं आयुष्यात पहिल्यांदा नुसत्या दोन साड्या पिशवीत भरल्या. सांगलीला पोचल्यावर तिनं पिशवी दारातच उघडून दाखवली. समृद्धीनं ती बघितली आणि म्हणाली, "ये आत." पिशवी दाखवायची काही गरज नव्हती असं ती म्हणाली नाही.

ते दिवस विचित्र गेले. शालन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसायची. संपतराव पल्लवीला फोनवर विचारून विचारून कसाबसा भात शिजवायचे, तो कधी गिजगोळा, कधी कच्चा. शालनचे हात शिवशिवायचे आणि ती ते मांडीखाली दाबून धरायची. स्वतःचं जेवण ती वेगळ्या ताटात घ्यायची, ताट वेगळं घासायची. कुणी सांगितलं नव्हतं. समृद्धी बघत होती, पण तिला अडवत नव्हती.

नवव्या आठवड्यात एका दुपारी संपतराव भाजी आणायला गेलेले असताना समृद्धी मोरीकडे धावली. शालनला आतून उलटीचा आवाज आला, पोट पिळवटून काढणारा, थांबता थांबेना असा. ती उठली, माठाकडे वळली, पेल्याला हात लागणार तोच थबकली आणि तिथंच उभी राहिली. मग मोरीच्या दारापर्यंत गेली. लेक वाकलेली होती, एक हात भिंतीला टेकवून. आई दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती. तिला रडू येत होतं, पण ती पाहत राहिली.

उलटी थांबली. समृद्धीनं चूळ भरली, तोंड धुतलं, भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघरात गेली, माठात स्वतःच पेला बुडवला आणि घोट-घोट पाणी प्याली. शालन दारातच होती. समृद्धीला पुन्हा ढवळून आलं. ती परत मोरीशी येऊन वाकली, आणि वाकल्या वाकल्या, मागे न बघता म्हणाली,

"मम्मी, पाठीवरनं हात फिरव. पाठीला चालतंय."

शालननं हात पदराला पुसले. ते कोरडेच होते. मग ती पुढं झाली आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवू लागली.